पोट भरल्याची खबर

"चव तुमीच घ्या ताई, मला नका लावू," असं म्हणून मावशी खिचडीच्या पातेल्याकडे पाठ करून उभी राहायची. आमच्या अंगणवाडीत लेकरांना वाढण्याआधी सेविकेनं आणि मदतनीस बाईनं घासभर खाऊन बघायचं, असा नियम. मी सेविका, ती मदतनीस. माझा घास मी खायचे आणि तिच्या वाटचाही मीच खायचे.

सेनगावकडच्या आमच्या गावात तिच्याएवढी अंगानं मोठी बाई दुसरी नव्हती. तुम्हीही पाहिली असेल अशी एखादी, जी रस्त्यानं निघाली की पारावरच्या माणसांना बोलायला विषय मिळतो. तिला बघून कोणीतरी "आली मालगाडी" म्हणायचं. ती हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, काहून एवढं नाटक? एक घास तर खायचा असतो."

ती चुलीपाशी बसत म्हणाली, "ताई, तुमचा एक घास एकच राहतो. माझा न्हाई राहत. लहानपणापासून जेवून उठले तरी जेवल्यासारखं वाटत न्हाई. लेकरायच्या पातेल्यात हात घातला अन् थांबलाच न्हाई तर?"

मला ते पटलं नाही. जिभेला आवर नाही म्हणायचं सोडून बाई गोष्टी सांगते, असं मनात आलं.

मग एका महिन्यात वजनाच्या दिवशी तीन-चार लेकरं कमी भरली. गावाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. लेकरं वाळली आणि बाई फुगली! ती चव घेत नाही, म्हणजे आधीच पोटभर खाऊन घेते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. चौकशीला आलेल्या पर्यवेक्षिका बाईंनी मला विचारलं. लेकरं तापानं उतरली होती, हे मला माहीत होतं. मावशी पातेल्याला बोट लावत नाही, हे तर मी रोज बघत होते. पण समोर सरपंचासकट सगळं गाव बसलेलं. मी म्हटलं, "माझं लक्ष नसतं." तेव्हा माझी जीभ झडली नाही, एवढंच. मावशीचं काम गेलं.

वर्षभरानं ती माझ्या दारात आली. हातात नांदेडच्या दवाखान्यातला कागद, सोबत कॉलेजात जाणारी लेक. लेकही आईच्याच अंगाची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त बाहेर तपासायला पाठवलं होतं. पोट भरलं, ही खबर अंगातली चरबी एका हार्मोनच्या हातून मेंदूला धाडते म्हणे. या दोघींत तो हार्मोन जन्मापासून कमी, हा दोष आईकडून लेकीला उतरलेला. खबर अर्धीच पोचते, म्हणून भूक सरत नाही आणि अंगावर चरबी चढत राहते.

"हे ग्रामसभेत वाचा ताई," ती म्हणाली. "माझं झालं ते झालं. पण माझ्या पोरीच्या ताटात कोणी डोकावू नये. तुमी वाचलं तर लोक बराबर ऐकतील."

मी हो म्हटलं. पण वाचायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागणार होतं. एक ग्रामसभा मी माहेरच्या लग्नात घालवली. दुसऱ्या वेळी डोकं दुखतंय म्हणून घरीच पडून राहिले. रस्त्यात भेटली तर मावशी काही विचारायची नाही, नुसती बघायची. मीच नजर चुकवायचे. तिसऱ्या ग्रामसभेआधी तिचं हृदय बंद पडलं.

जलदान विधीला विहारात सगळं गाव होतं. वंदना झाली, चार जण चार चांगले शब्द बोलले. मग मी उठले आणि कागद वाचला. माझं खोटंही सांगितलं. सरपंचांनी मान खाली घातली, दोन बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, उशिरा का होईना, मावशीचं काम झालं.

नंतर पंगत बसली. मी वाढायला होते. लेकीनं दोन पुऱ्या खाल्ल्या आणि ताटावर हात आडवा धरला.

"घे ना बाळा, कालपासून पोटात काही नाही तुझ्या," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "नको ताई. लोक पाहून राहिले."

मी मागे वळून बघितलं. सगळी पंगत तिच्या ताटाकडे बघत होती.