ताडपत्रीखालचं यंत्र

धडगावात जीपगाड्या थांबतात त्या नाक्यावर बशीरचाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. शेजारच्या खोक्यात मी, अर्शिया, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. चाचा चौथी शिकलेले. पण सायकलीचं चाक आणि जुनं पातं जोडून त्यांनी कैरी सोलायचं यंत्र केलं. आमचूर म्हणजे डोंगरातल्या बायांचा अख्खा उन्हाळा. सुरीनं सोलून सोलून बोटांची पार चाळण होते.

चाचांचा नियम त्यांच्या बापापासूनचा: नव्या अवजाराचा पहिला हंगाम वापरणाऱ्याचा. पसंत पडलं तर पैसे देऊन ठेवा, नाहीतर आणून टाका. तशी अकरा यंत्रं अकरा पाड्यांत गेली.

मग सरकारची नवउद्योगांची योजना आली. निवड झाली तर नंदुरबारला कारखान्यासाठी जागा, सरकारी खर्चानं वकील आणि पेटंट. म्हणजे यंत्र वीस वर्षं चाचांच्या नावावर. अर्जात विचारलं होतं, यंत्र कुणी वापरलंय का? मी छाती फुगवून अकराही पाड्यांचे फोटो जोडले आणि तिथेच घात झाला. उत्तर आलं: आधीच लोकांच्या वापरात आहे, सबब नवं नाही.

मी चिडून फोन लावला. योजनेच्या कचेरीतले धर्मेंद्रसाहेब भले गृहस्थ. म्हणाले, "ताई, नियम मी केलेला नाही. यंत्रात नवी सुधारणा असेल तर तिचा अर्ज होईल. वकील दहा दिवसांत दाखल करतील. तोवर ती कुणाला दाखवू नका, देऊ तर मुळीच नका. एकदा बाहेर गेली की संपलं."

सुधारणा होती. चाचांनी दुकानातल्या एका नव्या यंत्राच्या पात्याला झडप बसवली होती. बोट जवळ गेलं की ती आड येते. ते यंत्र ताडपत्रीखाली गेलं. पण चाचांना लपवाछपवी कुठली जमायला! गिऱ्हाईक आलं की उगाच ताडपत्रीसमोर उभे राहायचे. मला हसू यायचं, वाईटही वाटायचं.

सातव्या दिवशी जीपमधून कौसाबाई उतरल्या. पोत्यात त्या अकरांतलं एक यंत्र, अंगठ्याला रक्तानं काळी पडलेली चिंधी.

"माझा अंगठा राहू दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन घरी सून बसते यावर. लेकरू तिच्या मांडीवर. ते हात घालतं. काही करता येईल का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीनच दिवस, चाचा," मी हळूच म्हटलं. "त्यांना म्हणा, नंतर या."

"तीन दिन ते लेकरू थांबी का, बेटी?"

त्यांनी ताडपत्री ओढली, झडप काढली आणि कौसाबाईंच्या यंत्राला बसवली. स्वतःचं बोट पात्याजवळ नेऊन तीनदा दाखवलं.

"बाकीच्या बायांनाबी सांगू?" कौसाबाईंनी विचारलं.

"सांगा ना. दहाबी यंत्रं इथं लई या, झडप लावी देतो."

मला इतका राग आला की रडू फुटलं. सरकारवर रागवावं, तर ते द्यायलाच बसलं होतं. चाचांवर रागवावं, तर त्यांचं काय चुकलं?

जीप गेल्यावर चाचा माझ्या खोक्यात येऊन बसले. वकिलाला पाठवायचा कागद समोर उघडाच होता.

"खोटं लिखू नको, बेटी. जे शे ते लिख."

'सुधारणा वापरात आल्याची तारीख' या रकान्यातलं 'नाही' मी खोडलं आणि आजची तारीख टाकली.