कुरुंदवाडला दिवसाउजेडी पोचा

धाकट्या बहिणीनं, केतकीनं, लग्न ठरवलं आणि प्रवास माझ्या वाट्याला आला. मुलगा सन्मती, तिच्याच ऑफिसातला, कुरुंदवाडच्या जैन शेतकरी घरातला. बाबांनी ऐकलं आणि एकच पालुपद धरलं, "राहणी वेगळी, खाणं वेगळं. सहा महिन्यांत बॅग घेऊन परत येईल." आई काहीच बोलेना. शेवटी तोडगा निघाला: थोरलीनं, म्हणजे मी, आणि माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, जाऊन घर बघून यायचं. आम्हाला पटलं तर बाबा पुढचं बोलणार. केतकीनं मला चार वेळा बजावलं, "ताई, तिथे शहाणपणा करू नकोस." यात अपमान कुठला आणि विनंती कुठली, हे मला अजून उमगलेलं नाही.

तयारी मात्र मी जोरदार केली. नेटवर वाचलं: कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, जेवण दिवस मावळायच्या आत. म्हटलं, चला, झाला अभ्यास. ते त्यांच्या वेळेला जेवून घेतील, आपण आपले निवांत पोचू.

पुण्याहून पहाटेच निघालो. हायवेवर जागोजाग वळणरस्ते असल्यामुळे पाच तास धरून चाला, आणि साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलात तर सहा. कोल्हापुरात शिरल्याशिरल्या मिसळ. दोघांची मिळून अडीचशेच्या आत झाली. निखिलचे डोळे वाहायला लागल्यावर वाढणाऱ्या मामांनी प्रेमानं चौकशी केली, "पावणं, रडताय कशाला? अजून कट घालू की!" आणि उत्तराची वाट न बघता घातला.

मग अंबाबाईचं दर्शन आणि मग चपला. इथेच घात झाला. कोल्हापुरात चप्पल घ्यायला जाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: दुकानदार एकेक जोड काढून, वाकवून, करकर आवाज ऐकवून दाखवतो आणि आपण वेळेचं भान हरपतो. माझ्या एका पायात एक नमुना, दुसऱ्यात दुसरा, अशा अवस्थेत सन्मतीच्या आईचा फोन आला. त्यांना घरात सगळे आक्का म्हणतात.

"कुठवर आलाय, ताई?"

"हे काय, जयसिंगपूर आलंच!" मी म्हणाले.

आता आमच्या पुण्यातल्या गोतावळ्यात याला कुणी खोटं म्हणत नाही. "आलोच" म्हणणारा माणूस आंघोळीला चाललेला असतो, ऐकणाराही ते धरूनच कुकर लावतो. ही सवय कधी लागली, कुणी शिकवली, आठवत नाही. गाव बदललं की हे गणितही बदलतं, हे नेटवर कुठेही दिलेलं नव्हतं.

एरवी कोल्हापूर ते कुरुंदवाड दीड तासाच्या आत होतं. पण थंडीत जाल तर उसाच्या ट्रॅक्टरांचा हिशेब धरा. प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या आणि गाणी अशी मोठ्यानं लावलेली की मागचा हॉर्न देवालाही ऐकू जाणार नाही. आम्ही इचलकरंजीवरून गेलो, यंत्रमागांचा खडखडाट ऐकत गर्दीत अडकलो, आणि बाहेर पडून बघतो तर सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकलेला. कुरुंदवाडात पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते.

सन्मतीचे वडील, अण्णा, दारातच उभे होते. "या, बसा," इतकंच म्हणाले. आवाज अगदी हळू. मला वाटलं, किती मृदू माणूस! हात-पाय धुतले, आत गेलो तर दोनच ताटं मांडलेली. भाकरी, दोडक्याची भाजी, पावट्याची उसळ आणि हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर. निखिलनं बसल्याबसल्या हुग्गीचे दोन घास घेतले.

"तुमचं झालं ना?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"न्हाय," आक्का भाकरी वाढत म्हणाल्या, "पावणं यायच्या आदी कसं जेवायचं? आता दिवस गेला. आता उद्याच."

निखिलचा हात वाटीत तसाच राहिला. ही तिघं आमच्यासाठी ताटकळली, आणि आता सकाळपर्यंत उपाशी! आमच्यासाठी सुट्टी काढून घरी आलेला सन्मती माझ्याकडे बघेना. हाच मुलगा पुण्यात रात्री अकराला वडापाव हाणतो हे मला केतकीकडून पक्कं ठाऊक होतं, पण तोही आज मान खाली घालून बसलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवावं तर निर्लज्जपणा, उठावं तर अन्नाचा अपमान. केतकीचं लग्न मी दोडक्याच्या भाजीपर्यंत आणून बुडवलं होतं.

काहीच सुचेना, तेव्हा खरं बोलले. "अण्णा, फोन आला तेव्हा आम्ही जयसिंगपुरात नव्हतो. कोल्हापुरात चपला बघत होतो."

आणि मग तो मृदू माणूस असा कडाडला की गोठ्यातली म्हैस ओरडली.

"चपला? आनि आमी हितं दर पाच मिनटाला रस्त्यावर जाऊन बगतोय! जयसिंगपुरास्नं यायला दोन तास लागत्यात व्हय? फोनबी लागंना! म्हटलं गाडी ट्रॉलीखाली गेली का काय! ह्यो सन्मती मोटारसायकल काढून दोनदा जाऊन आला. एक दिस जेवलं न्हाय म्हणून कोन मरत न्हाय, पन खोटं कशाला सांगायचं ओ? दुकानात हाय म्हणायचं की! आमी काय खातो व्हय तुमाला?"

"ताटावर बसल्याल्या मानसाला बोलू नये," आक्कांनी त्यांना दटावलं आणि लगेच माझ्याकडे वळल्या, "आनि तुमी जेवा की! का अन्नबी थंड करनार?"

आम्ही निमूट जेवलो. इतकं चवदार जेवण इतक्या लाजेनं मी कधी जेवले नव्हते. कोल्हापूरच्या हॉटेलात आधीच ठरवलेल्या खोलीवर निखिलनं मनातल्या मनात पाणी सोडलं, कारण मी जाहीर करून टाकलं होतं की सकाळी सगळे जेवल्याशिवाय आम्ही हलणार नाही. "ऱ्हावा," अण्णा म्हणाले. आवाज अजून चढलेलाच होता.

सकाळी घरची माणसं बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, जाऊन आली. आक्का ताटं मांडायला लागल्या तशी मी त्यांच्या हातातली भाकरीची बुट्टी काढून घेतली. "आधी तुम्ही तिघं बसा. मी वाढते."

"पावणं वाढत न्हाईत, ताई."

"मग पाव्हणी समजू नका."

आक्कांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा पाटावर बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "मग वाढा. आनि चपला घेटलासा का न्हाय शेवटाला?" घेतल्या नव्हत्या, हे ऐकल्यावर ते जे हसले, ते हसणं ऐकून मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन रडले.

परत निघताना नरसोबाच्या वाडीला थांबून बासुंदी घेतली. तुम्हीही घ्या, मात्र पुण्यापर्यंत टिकवायची असेल तर बर्फाचा डबा न्या.

घरी बाबा वाटच बघत होते. "शेती किती? घर केवढं?"

"विचारलंच नाही."

"मग दोन दिवस केलंत काय?"

"त्यांना उपाशी ठेवलं, त्यांची बोलणी खाल्ली आणि सकाळी त्यांना वाढलं," मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी कपाळाला हात लावला. केतकीनं तोंड झाकून घेतलं. "संपलं," म्हणाली.

इतके दिवस गप्प असलेली आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "ओरडले? तुझ्यावर?"

"ओरडले."

"मोठ्यानं?"

"म्हैस घाबरली, आई."

आईनं पदराला हात पुसले आणि बाबांना म्हणाली, "उठा, फोन लावा त्यांना. परक्याच्या लेकीवर कुणी असं ओरडतं का? नांदेल पोरगी तिथे."