सुरयाची अंडी आणि पक्षीमित्राचा सत्कार

मित्रांनो, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या कंधारकडच्या धरणात आज पक्षी बघायला बोट काढली होती, माहिती सांगायला मी होतो. तिकिटाचे पैसे पक्षी वाचवायला जाणार होते. दुष्काळानं पाणी आटून मधलं बेट उघडं पडलंय, आणि नदी सुरय पक्ष्यांनी तिथल्या वाळूतच अंडी घातलीत.

"लांबूनच बघा, उतरू नका," मी सगळ्यांना बजावलं होतं. पण बेट जवळ येताच कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे फोटोसाठी उतरले. त्यांच्या मागं आणखी चौघं.

मी ओरडलो, "साहेब, पायाखाली अंडी हायेत!"

सुरय डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होते. साहेबांनी बुटाला लागलेला बलक वाळूत पुसला आणि हसले. "अंडीच होती ना, परत घालतील. आपला नवा जिल्हा होऊ द्या, मग पर्यटकांसाठी इथं रोज बोट चालवू."

काठावर आल्यावर त्याच साहेबांचा 'पक्षीमित्र' म्हणून सत्कार झाला. शाल मलाच घालायला सांगितली. मी ती खुर्चीवर ठेवली आणि घरी निघून आलो.

पुढच्या रविवारची तिकिटं संपली म्हणे. तुमच्यापैकी कुणी काढली असतील तर खरं सांगा, काय बघायला येऊन राहिलात?