माळ्यावरची बाटली
व्हिनेगरचा वास आला की मला डोंबिवलीच्या जुन्या घराचा माळा आठवतो. आई संध्याकाळी भजनाला गेली की बायको आणि मी अर्धा-अर्धा पेला रेड वाइन घ्यायचो, आणि उघडलेली बाटली आईला दिसू नये म्हणून माळ्यावर आकाशकंदिलामागे ठेवायचो. वर गच्ची तापलेली, त्यामुळे तिसऱ्या दिवशी वाइन आंबट. माल स्वस्त म्हणून असं होतं, असं समजून मी साडेचारशेच्या बाटलीवरून सहाशेवर गेलो, मग नऊशेवर. तीही आंबली. "रोज घ्यायला हे परवडायचं नाही, बंद करू," मी स्वयंपाकघरात बायकोला हळूच म्हणालो. ताक घुसळणारी आई मान वर न करता म्हणाली, "अरे, ताक तरी कोणी माळ्यावर ठेवतं का? आणि रोज शिडी लावतोस ती काय कंदिलासाठी? फ्रीजमध्ये ठेव." मग तिनेच ताकाचं भांडं सरकवून जागा केली. त्या जागेत साडेचारशेची बाटलीसुद्धा पाच दिवस उत्तम राहिली. आई आता नाही. आम्ही अजून तीच वाइन आणतो, ताकाशेजारीच ठेवतो, आणि फ्रीज उघडताना वाटतं, तेव्हा आभाराचा एक शब्द तरी तिला म्हणायला हवा होता.