पूल फिट आहे का?

हातात टेप घेऊन रस्त्यावर उभं राहा, किस्से आपोआप तुमच्याकडे चालत येतात. चहा पीत असलेला माणूस कप खाली ठेवून विचारतो, "काय मोजायलेत?" आणि खरं उत्तर द्यायची आम्हाला परवानगी नव्हती!

खरं उत्तर असं होतं, की उद्या युद्ध पेटलं तर लष्कराच्या अवजड गाड्या आपल्या भागातल्या कुठल्या रस्त्यांवरून जाऊ शकतील, ते आम्ही तपासत होतो. जीपमध्ये आम्ही चौघं. टीमच्या प्रमुख कुलकर्णी मॅडम, लष्करातून रिटायर झालेले सुभेदार काका, ड्रायव्हर सलीमभाई आणि मी सर्व्हेअर.

आणि पहिल्या दिवसापासून एक पूल आमच्या मानगुटीवर बसला होता. चितेगावच्या पुढं आत जाणाऱ्या रस्त्यावरचा. तो बांधला होता भाऊंनी. भाऊ म्हणजे कंत्राटदारही आणि पुढारीही. "त्या पुलाला फिट म्हणून सही करा," असा आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांचा फोन मॅडमना पूल बघायच्या आधीच आला होता!

*

सुरुवात पडेगावला झाली. टेप उलगडली आणि चहाच्या टपरीवरच्या बाई उलथनं घेऊनच बाहेर आल्या.

"गुंडाळा ती टेप! मागल्या टायमाला बी असंच मोजलं, अन् रुंदीकरणात माझी अर्धी टपरी गेली!"

मॅडमनी समजावलं, मी समजावलं. शेवटी सुभेदार काकांना राहवलं नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, रुंदीकरण नाही हो. मिलिटरीचं काम आहे. दुश्मन आला तर तयारी नको?"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "दुश्मन बॉर्डरवर हाय म्हणता, अन् चढाई माझ्या टपरीवर करता व्हय?"

टपरी सोडून आम्ही समोरच्या बाजूनं मोजलं. चहा मात्र त्यांनी पाजला, तोही आल्याचा.

*

वाळूजच्या चौकात लांब ट्रेलर वळतो का, ते बघायचं होतं. नेमकी शिफ्ट सुटायची-भरायची वेळ. कंपन्यांच्या बस, बाइक, रिक्षा, सगळं एकदम अंगावर आलं. काकांनी मधोमध उभं राहून परेडच्या आवाजात आरोळी ठोकली, "थांब!"

अख्खा चौक थांबला. एक बाइकवाला सोडून.

"काका, पंचिंग चुकलं ना, तर माझा हाफ डे कटतो. तुमची मिलिटरी भरून देनार का?"

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. हेल्मेट, कंपनीचा शर्ट, हँडलला अडकवलेला डबा. मग बाजूला सरकले आणि म्हणाले, "जा पोरा. तू पण ड्युटीवरच चाललायस."

त्याच्या मागून सगळा चौक गेला! ट्रेलर दुपारपर्यंत तिथंच उभा.

*

पैठण रोडला मेंढरं आडवी आली. सलीमभाईंनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. कळपामागून एक म्हातारी काठी आपटत आली.

"कुणाला वाजवतो रे? ही काय तुमच्या हापिसातली मान्सं हायेत का, हॉर्न वाजला की बाजूला व्हायला?"

सलीमभाई कानाला हात लावून म्हणाले, "नक्को अम्मा, गलती हो गई!" काका तर स्वतःच मेंढपाळांच्या घरातले. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

मॅडम हसल्या नाहीत. साहेबांचा फोन सकाळी परत येऊन गेला होता. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्या, "बाजूला नाही व्हायचं." एवढंच. मला त्या क्षणी त्यांचा लई अभिमान वाटला.

*

मग तो पूल. मॅडम साडीचा पदर खोचून खाली नाल्यात उतरल्या. मधल्या खांबाच्या पायाखालचा भराव वाहून गेला होता. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला! वर रंग मात्र नवाकोरा, पिवळा-काळा.

तेवढ्यात भाऊंची पांढरी गाडी आली. पुलाच्या अलीकडेच थांबली. भाऊ कठड्यावरून वाकून म्हणाले, "मॅडम, एवढं काय बघायलात? ह्या पुलामागं लई वजन हाय, बरं का!"

मॅडमनी खालूनच उत्तर दिलं, "मागं असू द्या, भाऊ. वर ठेवू नका!"

*

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, कुठलं युद्ध होणारय? फिट लिहून मोकळं व्हा."

"युद्ध नसेल होणार सर. पण कामगारांची बस रोज त्याच पुलावरून जाते."

"मग बदलीची तयारी ठेवा. बॅग भरा."

"सर्व्हेवाल्यांची बॅग भरलेलीच असते, सर."

मॅडम बाहेर आल्या. सलीमभाईंनी पाण्याची बाटली पुढं केली आणि जीप सुरू केली. मॅडमनी त्याच संध्याकाळी पूल 'अनफिट' लिहून सही केली.

*

पाहणीला लष्कराचे मेजर आले. साहेब हजर, भाऊ हजर, पुलाशेजारी छोटा मंडप, हार, नारळ. मॅडमना बोलूच द्यायचं नाही असं ठरलेलं दिसत होतं. साहेब मेजरना सांगायला लागले, "सर, या मॅडम नवीन आहेत, जरा घाबरतात. पूल एकदम फिट!"

भाऊ म्हणाले, "एकदम टकाटक, साहेब!"

मॅडम पुढं झाल्या. "मेजर साहेब, माझी सही अनफिटवर आहे. ती बदलणार नाही."

मेजरनी दोन्हीकडे पाहिलं. मागं खडी भरलेला टिपर उभा होता, चाचणीसाठी आणलेला.

"ठीक है," ते शांतपणे म्हणाले. "टिपर पूल पर खड़ा करेंगे. और भाऊ, आप अपनी गाड़ी लेकर उसके बगल से निकलिए. साहब भी आपके साथ बैठेंगे."

सलीमभाईंनी मोठ्या अदबीनं भाऊंच्या गाडीचं दार उघडून धरलं.

भाऊंनी गाडीकडे बघितलं. टिपरकडे बघितलं. मग चपला हातात घेतल्या आणि नाल्याच्या उतारावरून खाली निघाले.

"भाऊ, किधर?" मेजरनी विचारलं.

"मी खालूनच येतो, साहेब. डॉक्टरनं चालायला सांगितलंय!"

मेजरनी मान वळवून मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होते.

"आमचा डॉक्टर एकच आहे, सर!"