वाटीतली मुंगी

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली आणि तेव्हापासून ती माझी राहिली नाही. ती घरादाराची झाली. सावनेरला माहेरी भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघायची, मग माझ्या गाऊनकडे, आणि बसायच्या आधी विचारायची, "पुरून राहिलं का वं दूध?"

पुरत होतं. गाऊन, चादर आणि आईची नवी सतरंजी भिजवूनही उरत होतं. फक्त ज्याच्यासाठी होतं त्याला ते घेता येत नव्हतं. छाती इतकी ताठरलेली की त्याच्या तोंडात धड मावायचीच नाही, मग तो नुसतं टोक चावायचा. दोन्हीकडे चिरा पडल्या. त्याने तोंड उघडलं की मी पायाची बोटं आवळून घ्यायचे. मातृत्वाचं सुख म्हणतात ते हेच असणार, फोटोत जरा वेगळं दिसतं एवढंच.

दहाव्या दिवशी डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मी आईला सांगितलं, आईने मोठ्या आत्याला. आत्या म्हणजे आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. लहानपणी मला साधी सर्दी झाली तरी तिचा निकाल ठरलेला असायचा, "हिले आईचं दूध लाभलं नाही ना." आई तेव्हा भाजी चिरत राहायची.

आत्याने स्टीलच्या दोन वाट्या मागवल्या, एकेकीत एकेका बाजूचं दूध पिळायला लावलं आणि ओट्यावरच्या दोन मुंग्या पकडून आणल्या. मुंगी दुधात सोडायची. काठाला लागली तर दूध चांगलं. मेली तर खराब.

मी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एकाच चाचणीवर निष्कर्ष काढणाऱ्या पोरांना मी भर मीटिंगमध्ये सोलून काढलेलं आहे. तीच मी वाटीवर वाकून डावीकडच्या मुंगीला मनातल्या मनात 'चल बाई, चल' म्हणत होते. उजवीकडची काठाला लागली. डावीकडची बुडाली. आत्याने चिमटीत धरतानाच तिचा जीव गेला असेल, हा बचाव मला दोन दिवसांनी सुचला.

"डाव्या बाजूचं नासलं," आत्या म्हणाली. "तिकडचं पाजू नोको. लेकराले बाधते."

"डॉक्टरला विचारू का?"

"काहून? डॉक्टरीण काय मुंग्या ठेवते?"

आईने वाट्या उचलल्या आणि मोरीत नेऊन बराच वेळ घासत बसली.

डावी बाजू बंद झाली. दोन दिवसांत सुपारीचं लिंबू झालं, वरची कातडी लालभडक झाली आणि मला हुडहुडी भरून ताप चढला. एकट्या उजवीवर बाळाचं भागेना, ते रडरड रडायचं. आत्याने पावडरच्या डब्याचं नाव काढलं. तेव्हा मात्र माझा विनोद आटला. माझ्याच अंगात माझ्या लेकरासाठी विष तयार होतंय, असं मला खरोखर वाटलं, आणि मी त्याला जवळ घ्यायलाही घाबरू लागले.

शेवटी नवरा गाडी घेऊन आला आणि आईसकट आम्हाला शहरात, सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहिल्या, थंड पट्ट्या ठेवायला सांगितल्या.

"दूध आत नासत नसतं," त्या म्हणाल्या. "नळी चोंदली होती. त्यात तुम्ही पाजणं बंद केलं, म्हणून हे एवढं वाढलं. डावीकडेही पाजायचं. ताप असला तरी."

मग त्यांनी बाळाला माझ्या अंगाशी पुरतं वळवलं, तो मोठा आ करेपर्यंत मला थांबवलं आणि नुसतं टोक नाही, तर भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात दिला. दुखलं. पण थोड्या वेळाने पायाची बोटं आपोआप सुटली. ते नासकं दूध माझा मुलगा गटागट पीत होता.

मी मुंगीची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या, नवरा हसला, मीही हसले. दाराजवळच्या खुर्चीवर आई बसली होती, ती हसली नाही.

"दोन्ही वाट्यांतल्या मेल्या तरी?" तिने विचारलं.

"तरी. मुंगी काय, कशातही बुडते."

"हिच्या टायमाले दोन्ही मेल्या होत्या," आई म्हणाली. "एकविसाव्या दिवशी गाईचं सुरू केलं मी. माझं मोरीत पिळून टाकत होती."

परतताना सावनेर येईपर्यंत आई गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसली. मला तिचा हात धरायचा होता, पण मांडीवर बाळ होतं आणि ते डावीकडेच पीत होतं.

घरी आत्या दारातच उभी होती. "काय म्हणे डॉक्टरीण?"

आईने चपला काढल्या, नीट भिंतीशी लावल्या.

"माझं दूध चांगलं होतं म्हणे," ती म्हणाली.