लोर्नानं रोझालिनबद्दल काय लिहिलं

लोर्ना डिटमर एकोणतीस वर्षं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गावोगावच्या शाळांमधले मुलींचे बास्केटबॉल सामने बघत आली होती. पोटापाण्यासाठी ती टपाल वाटायची. पण एखाद्या मुलीबद्दल तिनं लिहिलेलं एक पान कॉलेजांचे प्रशिक्षक डोळे झाकून मानत. शिष्यवृत्ती मिळणार की नाही, ते बहुतेक त्या पानावरच ठरे.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी ती रोझालिन टकेटला बघायला गेली. रोझालिन विंगवर, म्हणजे कोर्टाच्या कडेनं खेळायची. सहा फूट उंच, हात लांबलचक. लोर्नाची पेन्सिल थांबेना. 'डावीकडून आत शिरते तेव्हा अडवणारीला पत्ता लागत नाही. समोरचीच्या पायांकडे बघून चेंडू कुठं जाणार ते ओळखते. कोपऱ्यातून नेम पक्का, पळता पळता कच्चा.'

मध्यंतरानंतर रोझालिन एकटीच चेंडू घेऊन सुसाट पळाली, बास्केट केली आणि परतताना मध्येच थांबली. हात गळ्यापाशी. ओठ राखेसारखे. डोळे उघडे, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. तीन-चार सेकंदच. मग मान झटकून ती पुन्हा पळू लागली. लोक टाळ्या पिटत होते.

उरलेला खेळ लोर्नाला दिसलाच नाही. पडेल, आता पडेल, एवढंच डोक्यात.

सामना संपल्यावर तिनं रोझालिनला बाजूला घेतलं. "असं आधी किती वेळा झालंय?"

"कसं?"

"मला बनवू नकोस, पोरी."

रोझालिननं इकडेतिकडे बघितलं. "चारदा. छातीत फडफडतं, मग सगळं लांब गेल्यासारखं होतं. बाई, तुम्हाला माझी शपथ, हे लिहू नका. आईला तर मुळीच सांगू नका."

तिनं शाळेचे प्रशिक्षक वेमन स्ट्रोड यांना गाठून सांगितलं, तर ते हसले. "काय हो लोर्नाबाई, टपालाबरोबर आता डॉक्टरकीही घरपोच का? पोरगी जेवली नव्हती, बाकी काही नाही. स्पर्धा तोंडावर आलीय, उगाच शंका पेरू नका."

लोर्ना गाडीत बसली. लिहिलं आणि चुकलं, तर पोरीला सगळी दारं बंद. गप्प बसलं आणि खरं निघालं, तर? त्या 'तर'च्या पुढं तिला जाववेना. घराच्या रस्त्याला न लागता ती रोझालिनची आई ग्वेंडा काम करायची त्या बेकरीत गेली.

ग्वेंडा ऐकता ऐकता लाल झाली. "माझ्या पोरीचं वाटोळं करायला आलात?"

"मला भीती वाटतेय, ग्वेंडा. चुकले तर खुशाल शिव्या घाला. पण आधी तपासून घ्या."

ग्वेंडा पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. मग हलकेच म्हणाली, "माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. तळ्यात बुडाला. आणि पोहायला तर त्यानंच मला शिकवलं होतं."

तपासण्या सहा दिवस चालल्या. टपालपेटीत पत्र टाकतानाही लोर्नाला पोरीचे ते ओठ दिसत. सातव्या दिवशी फोन आला. हृदयाच्या ठोक्यांत जन्मापासूनचा, घराण्यातून आलेला दोष होता; ग्वेंडाच्या भावालाही बहुधा तोच असावा. पळताना रोझालिनचं हृदय कधीही थांबलं असतं.

हंगाम गेला. बातमी कळताच दोन कॉलेजांनी अंग काढून घेतलं. रोझालिननं लोर्नाशी बोलणंच टाकलं. ग्वेंडानं मात्र सांगितलं, "लिहा. सगळं लिहा." लोर्नानं खेळ लिहिला आणि आजारही लिहिला. ते वाचून ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या प्रशिक्षिकेचा फोन आला, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत आम्ही थांबू."

डॉक्टर पुढच्या वर्षी हो म्हणाले. रोज गोळ्या, आणि हृदय थांबलंच तर झटका देणारं यंत्र कायम बाकाशेजारी. पहिल्याच सामन्यात रोझालिन अकरा मिनिटं खेळली. ती पळू लागली की लोर्ना पुढचा कठडा घट्ट धरायची.

"श्वास घ्या हो," शेजारी बसलेली ग्वेंडा पुटपुटली.

"तुम्ही घेताय का?"

"नाही."